फायनली खय आसा?

आमच्या मालकांच्या मुलीच्या लग्नात रामनाथ सर भरल्या पानावरून उठले, तेव्हा मालकांचा चेहरा पडला. ‘काय चुकलं सर?’ म्हणत ते सरांच्या मागे धावले. सर मांडवाच्या टोकाला गेले. तिथं वाढप्यांच्या मेजावर लोणच्याची बरणी उघडी होती. तिचं झाकण त्यांनी वाकून मेजाखालून शोधून काढलं, रुमालाने पुसलं, घट्ट लावलं आणि परत येऊन पानावर बसले.

“हां. आता कढी वाढा,” म्हणाले.

मालक बराच वेळ तिथंच उभे होते. आम्ही ऑफिसातले मात्र खाली मान घालून जेवत राहिलो. आम्हाला ते रोजचंच होतं.

उघडी वस्तू रामनाथ सरांना सोसत नसे. नळ, खिडकी, दुसऱ्याच्या पेनाचं टोपण, माझ्या पिशवीची चेन, डिचोलीच्या बसस्टँडवरच्या अनोळखी माणसाच्या स्कूटरची डिकी. एकदा ऑफिसच्या संडासाची बाहेरची कडी उघडी दिसली म्हणून त्यांनी ती लावली. आत मालक होते. ते ओरडू लागले तेव्हा सर आपल्या खुर्चीवरूनच शांतपणे म्हणाले, “कडी उघडी होती.” शेवटी मी जाऊन ती काढली.

आमचं ऑफिस बसस्टँडच्या मागे, पदेराच्या भट्टीच्या वरच्या मजल्यावर होतं. सकाळी पाव भाजल्याचा वास आणि दुपारी भट्टीची ऊब, दोन्ही आम्हाला फुकट. इथं आम्ही दुकानं, गोदामं आणि इस्पितळं यांच्यासाठी संगणकाचे प्रोग्रॅम लिहायचो. सर सगळ्यांत ज्येष्ठ. ते हळर्णहून स्कूटरने यायचे. मी कोरगावची. माझे वडील दुसऱ्यांच्या काजूच्या बागांत मजुरी करत. मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. पदवी मिळाली होती, पण संगणकासमोर बसलं की हाताला घाम सुटायचा. तो घाम सरांनी घालवला. त्याबद्दल मी त्यांची जन्मभर ऋणी आहे, म्हणूनच त्यांच्याविषयी जरा हसून लिहायची हिंमत करते.

आमच्यासोबत मारुती होता. मूळचा गडहिंग्लजकडचा. त्याचे वडील डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत कामाला लागले आणि तो इथंच शिकला. झपाझप काम करायचा, मोठ्याने हसायचा आणि कामात हमखास काहीतरी विसरायचा.

सर आमचं काम तपासायला स्वतःची खुर्ची घेऊन येत. पडद्यावर बोट फिरवत एकेक ओळ वाचत आणि मग त्यांचा प्रश्न यायचा.

“फायनली खय आसा गो?”

मारुतीला विचारताना ‘गो’चा ‘रे’ व्हायचा, एवढाच फरक. ऑफिसात त्यांचं नावच ‘फायनली सर’ पडलं होतं.

‘खय आसा’ म्हणजे कुठे आहे. पण हे फायनली म्हणजे काय, ते सांगायला हवं. प्रोग्रॅमची सगळी माहिती डेटाबेस नावाच्या कोठारात असते. तिथून काही आणायचं तर आधी जोडणी उघडावी लागते. तिला कनेक्शन म्हणतात. काम झालं की ती बंद करायची. जावा या भाषेत त्यासाठी ‘फायनली’ नावाची जागा आहे. वर काम सुरळीत होवो की मधेच बिघडो, फायनलीत लिहिलेलं होणारच. म्हणून बंद करायच्या ओळी तिथं लिहायच्या. माझ्या पुस्तकात हे एका परिच्छेदात होतं. मी तो पाठ केला होता, आणि मला तो कळला नव्हता.

सरांनी मला विचारलं, “तुमच्या गावात लग्नाक टोप खयचे हाडतात?”

“देवळातले,” मी म्हटलं. मोठ्या कार्याला देवळाची भांडी न्यायची, ही आमच्याकडची रीतच आहे.

“देवळात टोप कितके? मोजकेच. तू नेलंय आणि परत नाय दिलंय, तर दुसऱ्याच्या लग्नात भात कशात शिजतलो? कनेक्शनां तशीच. मोजकी असतात. बंद करूचा म्हणजे मोडूचा न्हय गो. परत नेऊन ठेवूचा.”

मला एकदम उजेड पडला. पण मी कोरगावची असल्यामुळे एक शंका आलीच. “सर, आमच्याकडे भांडं रिकामं परत देत नाहीत. आत मूठभर तांदूळ तरी घालतात.”

सर हसले नाहीत. त्यांनी खरंच विचार केला. मग म्हणाले, “ह्या रिकामाच देवचा. अर्धवट काम आत ठेवून दिलंय, तर तुझो भात दुसऱ्याच्या लग्नात वाढतले.”

त्यानंतर मी कनेक्शन कधी उघडं ठेवलं नाही आणि उष्टंही परत केलं नाही.

त्यांचा दुसरा नियम उलट्या क्रमाचा. शेवटी उघडलेलं आधी बंद करायचं. हा नियम ते अंगावरही पाळत. सकाळी आल्यावर हेल्मेट, रेनकोट, पिशवी अशा ठरलेल्या क्रमाने वस्तू निघत आणि संध्याकाळी बरोबर उलट्या क्रमाने चढत. गोष्टीसुद्धा ते तशाच सांगत. पेडण्याच्या बाजारातली गोष्ट सुरू करायचे, तीत एक मासळीवाली यायची, तिच्यावरून तिच्या नवऱ्याची गोष्ट उघडायची, नवऱ्यावरून त्याच्या होडीची. आमचं जेवण संपून हात धुवायची वेळ आली तरी आम्हाला उठता येत नसे. “थांब. होडी बुडली. होडीची गोष्ट संपली. आता नवरो.” मग नवरा संपायचा, मग मासळीवाली, मग बाजार. कुणी मधेच उठलं तर दुसऱ्या दिवशी त्याला गाठून राहिलेली गोष्ट पूर्ण करत.

काहीही बिघडलं तरी बंद करायचं चुकता कामा नये, हा सगळ्यांत मोठा नियम. एकदा पावसात त्यांची स्कूटर घसरली आणि ते रस्त्याकडेच्या चरात पडले. मागून बाइकवर मारुती येत होता. त्यानं सांगितलेलं मी जसंच्या तसं लिहिते. “सर पालथे पडलेले. मी धावलो. बगतोय तर हात तेवढा चिखलातनं वर आला, पेट्रोलचा कॉक बंद केला, किल्ली फिरवली, डिकीचं झाकण दाबलं. आणि मग म्हणाले, आई गे!”

आम्ही सरांना विचारलं, तेव्हा त्यांना यात विशेष काही वाटलं नाही. “रडूचा तर रड. पण बंद करून रड. आणि जेणी उघडल्यान, तेणीच बंद करूचा.”

ज्यानं उघडलं त्यानंच बंद करायचं, हे ते दिवसातून अनेकदा म्हणत. स्वतः मात्र दुसऱ्यांनी उघडलेल्या हजार वस्तू बंद करत फिरत. मारुतीने हे एकदा दाखवून दिलं. “मग साखरेची बरणी तुम्ही का बंद करायलाय सर? उघडलोय मी.” सरांनी बंद केलेली बरणी जागेवर ठेवली.

पुढे कित्येक वर्षांनी जावात नवी सोय आली. कनेक्शन ठराविक पद्धतीने उघडलं की काम संपल्यावर ते आपोआप बंद होतं, फायनली लिहावं लागत नाही. मी उत्साहाने सरांना फोन करून सांगितलं. सर म्हणाले, “आपोआप? मगे माणसान करूचा काय?”

आता शेवंतीबद्दल.

प्रोग्रॅम लिहिला की तो चालतो का ते पाहायला खोटी माहिती भरावी लागते. इस्पितळाचं काम मारुती आणि मी यायच्या आधीच सुरू झालं होतं; तेव्हाच सरांनी एक खोटी रुग्ण तयार केली. तिचं नाव शेवंती, गाव हळर्ण. आमचा प्रत्येक नवा पडदा, म्हणजे प्रोग्रॅममधलं एकेका कामाचं पान, आधी शेवंतीवर चालवून बघायचा. त्यामुळे तिच्याइतकी आजारी बाई अख्ख्या गोव्यात नव्हती. सकाळी सर्दी, दुपारी खोकला, संध्याकाळी पायात काटा. मारुती येताना विचारायचा, “आज शेवंताबाईचं काय दुखतंय?”

पण एक गंमत होती. सर तिला मोठा आजार होऊ देत नसत. मारुतीने एकदा तपासणीसाठी तिला अतिदक्षता विभागात दाखल केलं, तर सरांनी ते पुसून तिथं ‘पडसे’ लिहिलं. “कित्याक उगीच?” एवढंच म्हणाले. जन्मतारीख भरलेली असल्यामुळे संगणक तिचं वय आपोआप मोजायचा. वर्ष उलटलं की शेवंती एका वर्षाने मोठी व्हायची. आम्हाला वाटायचं, कुठलंतरी नाव असेल.

इस्पितळ डिचोलीतलंच होतं, लहानसं, खासगी. केसपेपर काढायच्या खिडकीवर आमचा प्रोग्रॅम सुरू झाला. पहिले दिवस बरे गेले. मग रोज सकाळी मधल्या वेळी, ऐन गर्दीत, पडदा गोठू लागला. नाव टाकलं की पुढे काहीच नाही. खिडकीबाहेर तापाने फणफणलेली पोरं घेऊन आया उभ्या, आणि आत बाई नुसती बटणं दाबतेय. मारुती बाइकवरून जायचा, संगणक बंद करून पुन्हा चालू करायचा. तेवढ्यापुरतं चालायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

“बरी झाली ती मशीन?” सर चिडून म्हणायचे. “ती बेशुद्ध पडली आणि तू तिका पाणी मारून उठवलंस. खयतरी टोप परत येत नाय.”

शेवटी इस्पितळाच्या डॉक्टरांनी मालकांना बजावलं. सोमवारी पुन्हा अडकलं तर आमचे जुने कागद बरे. मालक वर आले आणि सरळ मारुतीसमोर उभे राहिले. बरेचसे पडदे मारुतीने लिहिले होते आणि त्याचा विसराळूपणा सगळ्यांना माहीत होता.

“सोमवारी अडकलं, तर तू मंगळवारी येऊ नकोस.”

मारुतीने नुकतीच इथं भाड्याची खोली मोठी घेतली होती. वडिलांचं काम त्याच महिन्यात सुटलं होतं. तो हसला नाही.

शनिवारी सरांनी एक साधी गोष्ट केली. प्रोग्रॅममध्ये जिथं जिथं कनेक्शन उघडतं, तिथं ‘उघडले’ अशी नोंद व्हावी आणि जिथं बंद होतं, तिथं ‘बंद केले’ अशी. सोबत त्या पडद्याचं नाव. त्या सकाळी इस्पितळात तो प्रोग्रॅम चालवला. रविवारी ऑफिसला सुट्टी, पण आम्ही तिघं जमलो आणि नोंदी वाचायला बसलो.

मारुतीचे सगळे पडदे ठीक निघाले. उघडले, बंद केले. उघडले, बंद केले. प्रत्येक ठिकाणी त्याला अधिकाधिक मोठा श्वास घेता येत होता. मग एक जागा सापडली. नुसतंच उघडले. खाली पुन्हा उघडले. पुन्हा उघडले. बंद केल्याची एकही ओळ नाही.

पडदा होता ‘जुना रुग्ण शोधा’. तोही नेहमी नव्हे. शोधलेला रुग्ण वारलेला असला तरच. घरची माणसं सकाळी दाखले आणि विम्याची कागदपत्रं मागायला येत. खिडकीवरची बाई जुना नंबर टाकायची आणि दर वेळी एक कनेक्शन उघडं राहायचं. अकराच्या सुमाराला सगळी संपायची. ऑफिसात आम्हाला हे कधी दिसलं नव्हतं, कारण आमची शेवंती कधी मेली नव्हती.

“हा पडदा कुणी लिहिलाय?” मी विचारलं.

सरांनी तो उघडला होताच. त्यांचं बोट पडद्यावर थांबलं. रुग्ण मयत असेल तर मृत्यूची तारीख आणायला दुसरं कनेक्शन उघडलं होतं. तारीख आणली होती. आणि पुढे फायनली नव्हतं. तिथं, सर प्रोग्रॅममध्ये नेहमी लिहून ठेवत तसा, त्यांचा एक मराठी शेरा होता. ‘उरलेले नंतर लिहिणे.’

मारुती आधी हसेल असं मला वाटलं. सगळ्या जगाला फायनली विचारणाऱ्या माणसाचं फायनली राहिलं होतं. पण त्यानं सरांचा चेहरा पाहिला आणि आपली खुर्ची थोडी मागे घेतली.

सरांनी कीबोर्ड पुढे ओढला. फायनली लिहिलं. कनेक्शनच्या आत उघडलेल्या गोष्टींपैकी शेवटची आधी, मग तिच्या आधीची, मग कनेक्शन. एक बंद करताना काही बिघडलं तरी दुसरं बंद व्हावं, म्हणून प्रत्येकाची वेगळी तजवीज. मग ते थांबले. कारण आता ते चालवून बघायचं होतं आणि चालवायला एक वारलेला रुग्ण हवा होता.

“सर, मी नवीन एक पेशंट घालतो की,” मारुती म्हणाला. “कायबी नाव देतो. कुणीतरी अबक.”

“नको रे,” सर म्हणाले. “मी उघडलंय.”

आणि मग आमच्याकडे न बघता सांगू लागले. शेवंती ही त्यांची धाकटी बहीण. दोघांचीही लग्नं झाली नाहीत, हळर्णच्या घरात दोघंच. तिला झाकण लावायची म्हणून सवय नव्हती. साखर घेतली की बरणी उघडी, पाणी घेतलं की नळ अर्धा, दूध तापवलं की खिडकी सताड आणि आत मांजर. “मी आपलो मागसून बंद करीत फिरय. आणि ओरडय तिका. मुंगळे येतले गो, मुंगळे! ती हसा. परत तसाच करी.”

मेजावरच्या माझ्या पेनाचं टोपण त्यांनी लावलं.

“आता कायच उघडा नसता. सकाळी लावलेला झाकण सांजेक घरी गेलंय तरी तसाच.”

हा पडदा त्यांनी ती गेल्यावर थोड्याच दिवसांत लिहायला घेतला होता. मारुती आणि मी या ऑफिसात त्यानंतर आलो. आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, आणि आम्ही तिच्या सर्दीवर विनोद करत होतो.

सरांनी शेवंतीची नोंद उघडली. खोकला, पडसं, पायातला काटा, सगळं तिथं होतं. स्थितीच्या चौकोनात ‘मयत’ निवडलं. संगणकाने तारीख मागितली. ती त्यांनी न थांबता टाकली. मग ‘जुना रुग्ण शोधा’वर जाऊन तिचं नाव लिहिलं आणि बटण दाबलं.

पडद्यावर तिचं नाव आलं आणि त्याखाली तारीख. वयाचा आकडा त्या तारखेपाशी मागे जाऊन थांबला होता.

नोंदीत आलं, उघडले. मग, बंद केले.

“चलता,” सर म्हणाले. त्यांनी पुन्हा एकदा तेच करून पाहिलं. मग पडदा बंद केला, प्रोग्रॅम बंद केला, संगणक बंद केला, पंखा बंद केला. पिशवी अडकवली, रेनकोट घातला, हेल्मेट घातलं. बाहेर ऊन होतं.

सोमवारी मारुती सकाळपासून इस्पितळाच्या खिडकीजवळ उभा होता. गर्दीची वेळ आली आणि गेली. केसपेपर निघत राहिले. दुपारी त्याचा फोन आला तेव्हा तो इतक्या मोठ्याने बोलत होता, की खालच्या पदेराने वर बघितलं. सरांनी मालकांना सांगितलं, चूक माझी होती. मालक हसले. “सर, मारुतीला किती पाठीशी घालाल? तुम्ही आणि फायनली विसरणार?” सरांनी तीनदा सांगून पाहिलं. मालकांचा विश्वास शेवटपर्यंत बसला नाही.

तपासणीसाठी नवा रुग्ण हवा होता. मारुतीने स्वतःचंच नाव घातलं आणि पहिल्याच दिवशी आपले दोन्ही पाय मोडून घेतले.

त्या आठवड्यात कधीतरी मी ऑफिसात लवकर पोचले. कोपऱ्यात चहाच्या मेजापाशी मारुती उभा होता. त्यानं साखर घेतली नव्हती, कपही कोरडा होता. त्यानं बरणीचं झाकण काढलं, बाजूला मेजावर नीट ठेवलं आणि आपल्या जागेवर येऊन बसला. मी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं पडद्यात डोकं घातलं. मी माझ्या पिशवीची चेन उघडली आणि ती खुर्चीला अडकवली.

सर आले. हेल्मेट काढलं, रेनकोट काढला, पिशवी ठेवली. मग कोपऱ्याकडे नजर गेली.

“ही कोणी उघडल्यान?”

“मी उघडलोय सर,” मारुती म्हणाला. “राहिलं बगा.”

त्याला उठायला सांगतील, असं मला वाटलं. त्यांचा नियमच तसा होता. पण सर स्वतः मेजापाशी गेले. झाकण उचललं, कडेला फुंकर घातली आणि हळूहळू फिरवत घट्ट लावलं. हात बरणीवरून लगेच काढला नाही.

“मुंगळे येतले गो,” ते बरणीला म्हणाले, “मुंगळे.”